आमचाच की सगळ्यांचा?

बारावीच्या अर्थशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न असतो, ‘खालील उदाहरणांतील संकल्पना ओळखा व स्पष्ट करा’. उदाहरण साधारण असं असतं की, एका मुलाने लागोपाठ चार लाडू खाल्ले आणि प्रत्येक पुढच्या लाडवापासून त्याला आधीपेक्षा कमी समाधान मिळालं. (हा मुलगा गेली कित्येक वर्षं खातोच आहे. कधी सफरचंदं, कधी चपात्या. त्याच्या पोटाचं काय होत असेल देव जाणे!) उत्तर आहे घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. दोन गुण.

हा प्रश्न पेपरात आणण्यामागचा हेतू चांगलाच आहे. नुसती व्याख्या विचारली की मुलं पाठ करून येतात, म्हणून व्याख्येऐवजी प्रसंग द्यायचा आणि त्यातलं तत्त्व मुलाला दिसतं का ते बघायचं. पण झालं काय, की अशा प्रसंगांच्याही याद्या अपेक्षित प्रश्नसंचांतून छापून आल्या. आता मुलांची नजर ‘लागोपाठ’ या शब्दावर पडते आणि हात आपोआप लिहू लागतो. मागे मी चाचणीत ‘लागोपाठ’ हा शब्द काढून टाकला. लाडवाच्या जागी पावसाळ्यातली छत्री घेतली. घरात माणसं चार, पहिल्या छत्रीला जी किंमत मोजाल ती पाचव्या छत्रीला मोजाल का, आणि का? तत्त्व तेच. पण वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांनी ‘छत्री ही टिकाऊ वस्तू आहे’ असं लिहिलं. ते खरंही आहे म्हणा!

मी हा विषय नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवते. वर्षं मोजत नाही आता. पण पेपरांचे गठ्ठे तपासताना एक प्रश्न मला कायम पडतो, की आपण नक्की काय तपासतोय? सुरुवातीच्या अर्थशास्त्रात खरं म्हणजे फार गोष्टी नाहीत. साधनं अपुरी आहेत म्हणून निवड करावी लागते. एक निवडलं की दुसरं सुटतं, आणि जे सुटलं तीच त्याची खरी किंमत. भाव बदलला की माणसं वागणं बदलतात, पण सगळ्या वस्तूंच्या बाबतीत सारखं नाही. एकाला जे लागू ते सगळ्यांना लागू होईलच असं नाही. एवढं ज्याच्या अंगात मुरलं तो वर्तमानपत्र नीट वाचू शकतो, आणि पुढाऱ्याचं भाषण तर त्याहून नीट ऐकू शकतो. मग एवढ्याशा गोष्टी समजल्या की नाही हे तपासायला इतकं अवघड का जावं?

ही अडचण एकट्या आपल्या बोर्डाची आहे असंही नाही, बरं का. अमेरिकेत २००५ साली पॉल फेरारो आणि लॉरा टेलर या दोन अर्थतज्ज्ञांनी एक गंमत केली. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांचं मोठं वार्षिक अधिवेशन भरतं, तिथे जाऊन त्यांनी १९९ जणांना पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला एक प्रश्न विचारला. प्रश्न असा, की तुम्हाला एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचं फुकट तिकीट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलनचाही कार्यक्रम आहे, आणि क्लॅप्टन नसता तर तुम्ही तिकडेच गेला असतात. डिलनचं तिकीट ४० डॉलरचं. एरवी कुठल्याही दिवशी डिलनसाठी तुम्ही ५० डॉलरपर्यंत द्यायला तयार असता. बाकी खर्च काही नाही. तर क्लॅप्टनला जाण्याचा संधी खर्च किती? शून्य, १०, ४० की ५०?

वाचकहो, एक मिनिट थांबून उत्तर ठरवा आणि मगच पुढे वाचा. :-)

पुस्तकी उत्तर आहे १०. डिलनला गेला असतात तर ५० डॉलरचा आनंद मिळाला असता, पण खिशातून ४० गेले असते. म्हणजे हुकले ते निव्वळ १०. अधिवेशनातल्या १९९ जणांपैकी हे उत्तर दिलं २१.६ टक्क्यांनी. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ टक्के बरोबर यायला हवेत! सगळ्यांत जास्त लोकांनी ५० म्हटलं. आणि मला खरा टोचलेला आकडा त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हाचा आहे. अर्थशास्त्राचा कोर्स केलेल्यांपैकी ७.४ टक्के बरोबर, आणि कधीच न केलेल्यांपैकी १७.२ टक्के. शिकवल्यावर कमी!

अर्थात यालाही दुसरी बाजू आहे. २०१२ मध्ये जोएल पॉटर आणि शेन सँडर्स यांनी एक लेख लिहून दाखवलं, की ‘संधी खर्च’ची व्याख्या वेगवेगळी माणसं वेगवेगळी करतात, आणि कुठली व्याख्या धरता त्यावर चारही उत्तरांचं समर्थन करता येतं. म्हणजे ज्यांनी ५० म्हटलं ते अडाणी नव्हते, त्यांच्या मनातली व्याख्या निराळी होती. मला हा वाद वाचून उलट बरंच वाटलं. कारण त्यातून कळतं ते हे, की चार पर्यायांपुढची बरोबरची खूण बघून समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते समजत नाही. त्याला ‘का?’ असं विचारावं लागतं.

शिकागोचे जॉर्ज स्टिगलर तर याच्याही आधी, १९६३ मध्ये, म्हणून गेले होते की कॉलेजात वर्षभर अर्थशास्त्र शिकलेल्यांची आणि न शिकलेल्यांची पाच वर्षांनी परीक्षा घेतली तर दोघांत फरक दिसायचा नाही. (पुढे लोकांनी खरोखर तपासून पाहिलं तेव्हा थोडा फरक टिकतो असं निघालं. तेवढंच समाधान.) त्यानंतर १९६८ मध्ये तिकडे कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या ‘समजुतीची’ प्रमाणित चाचणीच तयार झाली. तिची चौथी आवृत्ती २००७ ची, सूक्ष्मचे ३० प्रश्न, स्थूलचे ३०. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की ती सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा घेता येते. म्हणजे मूल येताना काय घेऊन आलं आणि तुम्ही त्यात काय भर घातली ते दिसतं. आपल्याकडे मूल काय घेऊन आलंय हे कुणी विचारतच नाही. आमच्या भागातली मुलं तर भरपूर काही घेऊन येतात.

आता कांदा. आमच्याकडे कांद्याशिवाय अर्थशास्त्र शिकवणं म्हणजे पंढरपुरात विठोबाला वगळून बोलणं. लासलगावचा लिलाव इथून फार लांब नाही, आणि वर्गातल्या निम्म्या घरांत कांद्याची चाळ आहे. ‘मागणीची लवचिकता’ हा धडा शिकवून झाला की मी एक प्रश्न तोंडी विचारते. पेपरात तो कधी येत नाही, येणारही नाही. ‘यंदा कांदा दुप्पट पिकला. तर उत्पन्नाचं काय होईल?’ एवढंच. याहून जास्त मुद्दामच काही सांगत नाही.

एका वर्षी पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा उठला. चाचणीत त्याला लवचिकतेच्या प्रश्नात चारपैकी चार होते. व्याख्या, सूत्र, आकृती, लवचिकतेचे पाच प्रकार, सगळं चोख. तो म्हणाला, ‘दुप्पट होईल, मॅडम.’ मागच्या बाकावरून एक मुलगी बसल्या बसल्याच म्हणाली, ‘आमचाच की सगळ्यांचा?’

मी तिला उभं केलं. ती घाबरली, तिला वाटलं मध्ये बोलली म्हणून रागावते आहे. म्हटलं, नाही, तू बोल. मग ती म्हणाली, ‘आमचाच दुप्पट आला तर दुप्पट पैसे येतील, आमच्या दोन ट्रॉल्यांनी मार्केट थोडंच हलतंय. पण सगळ्यांचाच आला तर भाव पडतो. कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी वाटीभर जास्त खात नाही ना, मॅडम. मग आधीपेक्षाही कमी पैसे येतात.’

एवढ्यात किती गोष्टी आल्या बघा. एकटा शेतकरी बाजारभाव बदलू शकत नाही, ही पूर्ण स्पर्धेतली गोष्ट. कांद्याची मागणी अलवचिक. अलवचिक मागणीत पुरवठा वाढला की एकूण प्राप्ती घटते. आणि एकाच्या बाबतीत जे खरं ते सगळ्यांच्या बाबतीत खोटं ठरू शकतं, जे शिकवायला कधी कधी मला आख्खा तास लागतो. फळ्यावर मी नंतर आकडे मांडले. समजा १०० क्विंटल कांदा २००० रुपयांनी गेला तर २ लाख. सगळीकडे पीक वीस टक्क्यांनी वाढलं आणि भाव १२०० वर आला, तर १२० क्विंटलचे १ लाख ४४ हजार. माल जास्त, मेहनत जास्त, पैसे ५६ हजारांनी कमी. तिने मान डोलावली. तिला त्यात नवीन काहीच नव्हतं, हा हिशेब तिच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी होतो.

या मुलीला त्याच चाचणीत त्याच प्रश्नात चारपैकी दीड गुण होता. तो मीच दिला होता, आणि नमुना उत्तराप्रमाणे बरोबरच दिला होता. तिने ‘लवचिकता’ आणि ‘लवचीक’ यांत घोळ घातला होता, सूत्र उलटं लिहिलं होतं, आकृतीला नावं दिली नव्हती.

माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. गोष्ट कळलेली पण तिचं नाव न येणारी मुलं असतात, आणि नाव येणारी पण गोष्ट न कळलेली मुलंही असतात. आपली परीक्षा पहिल्यांना नापास करते आणि दुसऱ्यांना बक्षीस देते. आणि हे सगळ्या मुलांना सारखं लागत नाही. ‘सीमांत’, ‘विचलन’, ‘एकाधिकारयुक्त’ हे शब्द ज्याच्या घरात कधी उच्चारले गेले नाहीत, पण लिलावात भाव कसा फुटतो हे ज्याने सहाव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी उभं राहून पाहिलंय, त्याला आपण दोन वर्षांत पटवून देतो की तुला अर्थशास्त्र येत नाही. ती मुलगी बारावीनंतर ‘अवघड जातो’ म्हणून हा विषय सोडून गेली. पहिल्या बाकावरचा मुलगा बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊन बसला. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, गुणी मुलगा आहे. पण तोट्यात कोण गेलं याचा विचार केला की मला वाटतं, अर्थशास्त्र गेलं.

नावं महत्त्वाची नाहीत असं मी म्हणत नाहीये, हेही सांगून टाकते, नाहीतर आमच्या स्टाफरूममधले लोक मला खातील. नाव असलं की गोष्ट एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेता येते. त्या मुलीला कांद्याचं कळतं, पण तेच मिठाला, तेच पेट्रोलला, तेच मिरच्यांना लागू होतं हे दिसायला ‘अलवचिक’ हा शब्द उपयोगी पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्क लावून पुन्हा सुरू केली, आणि एप्रिल २०२५ पासून शुल्क काढून टाकलं. या दीड वर्षात आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे मत होतं, बहुतेक वेळा शिवीसकट. पण निर्यात बंद म्हणजे बाजारातलं गिऱ्हाईक कमी, म्हणजे मागणीचा वक्र डावीकडे सरकला, शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त पडलं ते कुणाच्या खिशातून पडलं, हे शब्दांत मांडायला चारच जणांना जमलं. शब्द हवेतच. फक्त ते गोष्टीनंतर यावेत, गोष्टीच्या ऐवजी येऊ नयेत.

चांगला प्रश्न कसा असावा, याचं माझं एक उदाहरण सोन्याचं आहे. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला १ लाखाच्या वर गेलं आणि तरी दुकानांत गर्दी होती. मी विचारलं, ‘भाव वाढला तरी लोक सोनं घेतायत. मग मागणीचा नियम खोटा का?’ पुस्तकात नियमाच्या अपवादांची यादी आहे, त्यात प्रतिष्ठेच्या वस्तू आहेत. बहुतेकांनी तीच उतरवली. ते अगदीच चूक नाही, पण आळशी उत्तर आहे. दोघींनी लिहिलं, की अजून वाढेल या भीतीने लोक आजच घेतात. हे चांगलं, कारण ‘इतर परिस्थिती कायम असताना’ ही नियमातली अट त्यांच्या ध्यानात आली होती. आणि एक मुलगा सुट्टीत सराफाच्या दुकानात काम करतो, त्याने लिहिलं, ‘गर्दी तेवढीच आहे पण आता लोक बजेट सांगतात, वजन सांगत नाहीत. आधी दहा ग्रॅमची चेन बघायचे ते आता सहाची बघतात.’ म्हणजे नियम मोडलाच नव्हता! आपण गर्दी मोजत होतो, त्याने ग्रॅम मोजले. या उत्तरासाठी नमुना उत्तरपत्रिकेत कुठली ओळ असणार? तपासणारा अनोळखी असेल तर तो ‘अपवादाचा उल्लेख नाही’ म्हणून दोन गुण कापेल, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

हाच खरा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. राज्यभरातल्या लाखो उत्तरपत्रिका हजारो शिक्षक तपासतात. नागपूरच्या मुलाला आणि सिंधुदुर्गच्या मुलीला एकाच मापाने गुण मिळायला हवेत. तिथे ‘पोरीने उलटा प्रश्न विचारला, वा!’ म्हणून गुण देता येत नाहीत. शिक्षकाच्या मर्जीवर सोडलं की ओळखीच्यांना फायदा होतो, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. उगाच भाबडेपणा नको. त्यामुळे मोठी परीक्षा थोडीफार अशीच राहणार, हे मी मान्य केलंय.

पण ८० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात ना! ते आपल्या हातात आहेत. आणि त्यांचं आपण काय करतो? प्रकल्पाची वही, वर प्लास्टिकचं कव्हर, आत इंटरनेटवरून उतरवलेला ‘भारतीय अर्थव्यवस्थेपुढील आव्हाने’. तोंडी परीक्षेत दोन व्याख्या. सगळ्यांना सतरा-अठरा. कुणाची तक्रार नाही.

कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट फ्रँक नावाचे प्राध्यापक मुलांना एक साधं काम देत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल एक ‘का?’ शोधा आणि अर्थशास्त्रातलं तत्त्व वापरून त्याचं उत्तर फार तर ५०० शब्दांत लिहा. आकृत्या नकोत, समीकरणं नकोत. अट अशी, की हा विषय कधीच न शिकलेल्या आपल्या एखाद्या नातेवाइकाला सांगतोय असं लिहायचं. त्यावरून पुढे २००७ मध्ये त्यांचं ‘द इकॉनॉमिक नॅचरलिस्ट’ हे पुस्तक झालं. ही नातेवाइकाची अट मला फार आवडते. (हे पान वाचणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना आता कळलं असेल, की मी जेवताना मध्येच तुम्हाला टोमॅटोबद्दल प्रश्न का विचारते.) आजीला सांगायचं म्हटलं की ‘सीमांत’ म्हणून सुटता येत नाही. ती लगेच म्हणते, म्हणजे काय रे?

गेली दोन वर्षं मी माझ्या वर्गापुरतं हे सुरू केलंय. वही नको, दोन पानं पुरेत. प्रश्न स्वतःचा, गावातला. लिहून आणायचं आणि मग समोर बसून मी तीन वेळा ‘का?’ विचारणार. साठ मुलं आहेत, प्रत्येकाला सात-आठ मिनिटं, म्हणजे एकूण आठ तास. पेपर तपासायलाही तेवढेच लागतात. कॉपी करून आणलेलं दुसऱ्या ‘का?’लाच कळतं. गुण किती द्यायचे याचं मी एक सोपं माप ठेवलंय. प्रश्न खरा पाहिलेला आहे का, कारण पटतं का, आणि ‘असं नसतं तर?’ विचारल्यावर उत्तर बदलतं का. संकल्पनेचं नाव आलं तर उत्तम, नाही आलं तर मी सांगते आणि ते मुलाने त्याच दोन पानांवर स्वतःच्या हाताने लिहायचं.

प्रश्न एकेक मस्त येतात. वडाप जीप पूर्ण भरल्याशिवाय का सुटत नाही, पण शेवटच्या फेरीला अर्धी रिकामी का जाते. द्राक्षाच्या बागेत मजुरी एप्रिलमध्ये वाढते आणि जूनमध्ये का पडते. मोबाईलवाला काच फुकट का बसवून देतो. यंदा एकाने पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलंय. भाव वर्षानुवर्षं पाचच राहतो आणि पुडा बारीक होत जातो, सहा रुपये का करत नाहीत? त्याच्या आईचं किराणा दुकान आहे. त्याने लिहिलंय, की पाचाचं नाणं घेऊन आलेलं पोर सहा ऐकलं की परत जातं, पण दोन बिस्किटं कमी झालेली त्याला कळत नाहीत. मी विचारलं, मग मोठ्या पुड्याची किंमत का वाढवतात? तो म्हणाला, उद्या सांगतो, आईला विचारून.